लोणा

पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलायचं आणि आजीची बोलणी खायचं मराठी! या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा रूममेट म्हणाली, "तू? आणि मराठी विभागात?" पण हा किस्सा इंग्रजीत सांगताच येत नाही. सगळा घोटाळा एका मराठी शब्दाचाच आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी दादाचं लग्न ठरलं आणि बाबांनी साताऱ्याचं घर दुरुस्तीला काढलं. घर आजोबांच्या काळातलं, दगडी जोत्याचं. बाबांचा विचार होता, जुनी मोझॅकची फरशी उकरून टाइल्स बसवायच्या. मी तेव्हा सेकंड इयर सिव्हिलला, अंगात इंजिनिअर संचारलेला! म्हटलं, "बाबा, उकरायचं कशाला? मायक्रोसिमेंट करू."

आणि मी घरात लेक्चर दिलं. सिमेंट, अगदी बारीक पूड, रंग आणि पॉलिमर यांचं हे मिश्रण. आधी प्रायमर, मग फायबरची जाळी, त्यावर करणीने घोटलेले पातळ थर आणि शेवटी पॉलीयुरेथेनचा सीलर. सगळी जाडी मिळून दोन-तीन मिलिमीटर. जुन्या फरशीवरच बसतं, म्हणून राडारोडा नाही, दारं तासायला नकोत आणि सांधा कुठेच नाही. बाबांना पटलं. पीएफमधून काढलेले पैसे त्यांनी माझ्या शब्दावर त्यात घातले.

आजीने नमुना हातात घेऊन पाहिला. "हा तर आपला कोबा! माझ्या माहेरी लाल कोबा होता, गवंडी घोटून घोटून आरसा करायचे." मी हसले. कोबा चांगला इंचभर जाड असतो, हे तिला समजावलं. मग ती म्हणाली, "बाई गं, मागच्या खोलीत नका करू. तिथं लोणा आहे."

मागच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या असतात. मला वाटलं, त्याबद्दलच बोलतेय. म्हटलं, "बरण्या हलवू गं आजी!" ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तू शिकलेली. तुला कळत असेल."

लग्नात पाहुण्यांनी जमिनीचं कौतुक केलं, मी मिरवून घेतलं. जुलैत आईचा फोन आला. घरी गेले तर मागच्या खोलीत भिंतीकडेला पापडासारखे फोड! बोटाने दाबलं की चुरा, आणि खाली पांढरी पूड. आजीने ती चिमटीत घेऊन दाखवली. "हा लोणा."

एफ्लोरेसन्स! थर्ड सेमिस्टरला पाच मार्कांना लिहिलेलं उत्तर माझ्या पायाखाली होतं. ती खोली उताराला लागून आहे, भिंतीला बाहेरून माती टेकलेली. ओल जमिनीतून वर चढते, सोबत क्षार आणते. पूर्वी फरशीच्या सांध्यांतून ती हळूहळू उडून जायची. आम्ही वरून झाकणच घातलं. आत कोंडलेल्या ओलीने आणि क्षारांनी तो पातळ थर उचलला.

काम सुरू करण्याआधी एक साधी चाचणी असते. दीड फूट चौरस प्लॅस्टिक जमिनीवर चारी बाजूंनी चिकटवायचं, किमान 16 तास ठेवायचं आणि खाली ओल धरते का बघायचं. मला हे नंतर समजलं. आजी मात्र त्या खोलीत गादीखाली वर्तमानपत्र घालायची आणि सकाळी ते दमट झालं की बदलायची. म्हणजे तिची चाचणी वर्षानुवर्षं चालूच होती! रिपोर्ट मागायला कोणी गेलं नाही, एवढंच.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "कळलं नाही तर परत विचारायचं असतं."

पुढच्या हॉलची जमीन अजून छान आहे, तिथे ओल नव्हतीच. मागच्या खोलीतलं मायक्रोसिमेंट दिवाळीनंतर काढलं, बाहेरची माती हटवली आणि आत शहाबादी फरशी घातली. दोष मालाचा नव्हता, माझ्या कानांचा होता.

आता सुट्टीत गेले की मी वहीत आजीचे शब्द लिहून घेते. जोतं, गिलावा, ओळंबा, तुळई. परवा तिने उलट विचारलं, "लोण्याला तुमच्यात काय म्हणतात?" मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.

"एवढं मोठं नाव कशाला गं? तोवर फरशी उखडेल!"