उपासाचा मासा

मालवणला आमच्या घरी उपास म्हणजे मासळी बंद. एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण. शेजारच्या ख्रिस्ती घरातली आजी मात्र 24 डिसेंबरला मटणाला हात लावायची नाही, बांगड्याचं तिखलं करायची आणि म्हणायची, "आज आमचो उपास." उपासाला मासे कसे चालतात, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं.

कळलं ते नोकरीसाठी प्रागला गेल्यावर. नाताळला चार दिवस उरले की तिथे चौकाचौकात पाण्याचे मोठे टब मांडतात, त्यात जिवंत कार्प. हा गोड्या पाण्यातला, आपल्या रोहूच्या कुळातला मासा. चेक देशाला समुद्र नाही. पण चर्चच्या पंचांगात मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो असे दिवस भरपूर, म्हणून दक्षिण बोहेमियात त्यांनी तळी बांधली. त्यांतलं सर्वांत मोठं रोजम्बेर्क याकुब क्रचीनने 1584 ते 1590 या काळात उभारलं. शरद ऋतूत तळी उपसून मासे काढतात आणि स्वच्छ पाण्यात सोडतात, म्हणजे चिखलाचा वास जातो. घरी आणलेला कार्प पूर्वी न्हाणीतल्या टबात दोनेक दिवस पोहत असे. मुलं त्याला नाव ठेवायची आणि मग मारायच्या वेळी रडायची.

शेजारच्या बाईंनी मला 24 तारखेला जेवायला बोलावलं. दिवसभर त्यांनी काही खाल्लं नव्हतं. लहानपणी त्यांना सांगितलं जाई, उपास मोडला नाहीस तर संध्याकाळी सोन्याचं डुक्कर दिसेल! अंधार पडल्यावर माशाच्या डोक्याचं सूप आलं, मग पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले तुकडे आणि बटाट्याचं सॅलड. ताटाखाली एक खवला ठेवलेला होता. तो वर्षभर पाकिटात बाळगला की पैसा टिकतो म्हणतात. काटे फार, पण चव मला आवडली.

पुढे लिस्बनला याच रात्री उकडलेला बाकाल्याव खाल्ला. त्यासाठी लागणारा कॉड मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. उत्तर अटलांटिकमधून खारवून, वाळवून येतो, पावसाळ्याच्या बेगमीला ठेवलेल्या आपल्या सुक्या मासळीसारखा. नेपल्समध्ये मोठी वाम खातात. पोलंडमध्ये पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही.

1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपासाचे नियम सैल केले. तेव्हापासून नाताळच्या आदल्या दिवशी मांस टाळण्याची जगभराच्या कॅथलिकांवर सक्ती राहिली नाही. आमच्या शेजारच्या आजीने तरीही नेम सोडला नाही. प्रागमध्ये तर देव न मानणारी घरंही त्या रात्री कार्प तळतात. मला हे फार मोलाचं वाटतं. सक्तीने ताटात आलेला मासा सक्ती गेल्यावरही ताटात राहिला, तो लोकांना हवा होता म्हणूनच.

डिसेंबरात प्रागच्या बाजूला गेलात आणि कुणी 24 तारखेला घरी बोलावलं, तर नक्की जा. जाण्याआधी दिवसभर उपास करा.