रद्दीतल्या कागदास

प्रिय रद्दीतल्या कागदा,

तुझी कातरचित्रं पाहून लोक कौतुकानं म्हणतात, 'टाकाऊतून टिकाऊ!' मला ते कधीच पटलं नाही. तू टाकाऊ नव्हतास आणि टिकाऊ तर नाहीसच. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. ऊन-हवा लागली की तो पिवळा पडतो, पुढे मोडूही लागतो. हे ठाऊक असून मी तुलाच घेते.

कापायला मला तूच शिकवलंस. पेपर उभा फाडला की सरळ फाटत जातो, आडवा फाडला की वाकडातिकडा. कारखान्यात लगदा जाळीवरून धावतो, तेव्हा बहुतेक तंतू धावेच्या दिशेनं लागतात, म्हणून हे होतं. बारीक देठ तंतूंच्या दिशेनं कापला तर ताठ राहतो, आडवा कापला तर लुळा पडतो. आतली बारीक भोकं आधी कापायची, बाहेरची कड शेवटी. आणि वळणावर कटर नाही, कागद फिरवायचा. हे सगळं तुझ्यावर शेकडो वेळा चुकले, म्हणून हातात बसलं.

तुला आहे तसा घेणारी मी पहिली नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सनं पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फाटके कपटे चिकटवून चित्रं केली. एका बँकेच्या जाहिरातीतल्या 'कोमेर्झ' या शब्दातला 'मेर्झ' एवढाच तुकडा एका चित्रात उरला आणि 1919 पासून त्यानं आपल्या साऱ्या कलेला तेच नाव दिलं. तिकीट त्याच्या चित्रातही तिकीटच दिसतं, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. तुला रंग फासून ओळखू न येण्यासारखं करणं मला तुझा अपमान वाटतो.

आत्ता समोर एक जुनी लग्नपत्रिका आहे. वर गणपती छापलाय, म्हणून कुणाला ती रद्दीत टाकवली नाही आणि शेवटी माझ्याकडे आली. गणपती मी कापत नाही. तेवढा भाग जपून बाजूला ठेवते. उरलेल्या जाड कागदातून पिंपळाचं पान कापतेय. घडीवर पातं अडखळतं, तिथे हात हलका ठेवावा लागतो. खालच्या कोपऱ्यात कुणीतरी हळदकुंकवाचं बोट लावलंय. कुंकू फिकट झालंय, हळद अजून दिसते. पानाचं टोक त्या बोटाच्या जरा अलीकडेच संपवणार आहे.

तुझी,
एक कातरकाम करणारी