सीट अंगाची हवी

नाशिकला द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या सीटचं काम करणारे एक चाचा होते. त्यांनी सांगितलेली मजुरी मी त्याच दिवशी चुकती केली, पण त्यांचं ऋण माझ्यावर अजून आहे.

कामासाठी मला मुंबईला सारखं जावं लागे. गाडी जुनी, सीटचा फोम बसलेला आणि वर गुळगुळीत रेक्झिन. कसारा घाटाच्या वळणांवर अंग बाजूला घसरायचं आणि आपोआप स्टिअरिंगला लटकलं जायचं. घरी पोचेपर्यंत खांदे भरून येत, कंबर धरे.

मी चाचांकडे जाड, मऊ गादी मागितली. त्यांनी आधी मला सीटवर बसवलं, क्लचवर पाय ठेवायला लावला आणि कंबर, मांड्या, बरगड्या कुठे टेकतात तिथे खडूनं खुणा केल्या. म्हणाले, "साहेब, मऊ गादीत माणूस रुततो. सीटनं अंग धरलं पाहिजे. हात स्टिअरिंगसाठी मोकळे राहू द्या."

मग कव्हर उसवलं. बसलेला फोम काढून त्यांनी घट्ट फोम कापून बसवला. पुढची कड थोडी उचलली, म्हणजे मांडीला आधार मिळेल. पण गुडघ्यामागे दाब येणार नाही इतकीच. कमरेच्या खळग्यात हलका फुगवटा दिला आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे कडक केले. बसायच्या जागी रेक्झिनऐवजी खरखरीत कापड शिवलं. सीटचा सांगाडा, रूळ आणि पट्ट्याचे बोल्ट यांना मात्र हात लावला नाही. "ते कंपनीचं काम," एवढंच म्हणाले.

नाशिक हे गाड्या बनवणारं गाव. 2002 मध्ये आलेली स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यात तयार झाली. पण कारखान्यातली सीट हजारो अंगांचा अंदाज घेऊन बनते. ती एका माणसाच्या पाठीला जुळवून देणारे चाचांसारखे कारागीर असतात. त्यांच्या दुकानावर धड पाटीही नव्हती. आज मी लांबचा प्रवास करून ताठ उतरतो, ते त्यांच्यामुळे.

सीट शिवायला टाकाल तेव्हा आधी तिच्यावर नीट बसून दाखवा आणि कारागिराचं ऐका. सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर ती बाजू झाकू किंवा शिवू देऊ नका. आणि काम चोख झालं, तर मजुरीत घासाघीस करू नका.