नवशिक्या कानांसाठी

लहान मुलाच्या हाती गाणी ऐकण्याचे पहिले यंत्र कोणते द्यावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याजोगा आहे असे सहसा कोणी म्हणणार नाही. तो दुकानदाराने सोडवायचा, फार तर घरातल्या एखाद्या तंत्रकुशल भाच्याने. परंतु मुलाच्या हाती पहिले पुस्तक कोणते द्यावे ह्यावर आपण परिसंवाद भरवतो, याद्या करतो, त्या याद्यांवरून भांडतोही. ऐकणे हे वाचण्याच्या आधी येते. आणि मराठी कवितेचा मोठा भाग वाचला जाण्याच्या आधी कित्येक शतके ऐकला गेलेला आहे. तेव्हा पहिल्या पुस्तकाइतकाच विचार पहिल्या यंत्राचाही व्हावा, असे आम्हांस वाटते. तो विचार आम्हांला करावा लागला, त्याची ही हकीकत.

आमचे गाव खुटबाव. पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव ह्यांच्या मध्ये हे लहानसे स्थानक आहे. भोवती ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. आषाढात तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करते, त्यामुळे टाळ-मृदंग हा इथल्या मुलांच्या कानांवर शाळेच्या घंटेआधी पडलेला नाद असतो. आमच्या चुलतभावाची मुलगी आठ वर्षांची. तिने भजनात ऐकलेला एक अभंग घरी म्हणून पाहिला, दुसऱ्या कडव्यापाशी अडली, आणि 'मला तो परत ऐकायचाय' म्हणाली. घरातल्या मोबाइलवर तो शोधून दिला गेला. तीन मिनिटांनी ती अभंग सोडून कुठल्याशा नाचाच्या चित्रफिती पाहत होती. पुढच्या खेपेला पुण्याहून येताना तिच्यासाठी काहीतरी आणावे, असे आमच्याकडे सोपवण्यात आले.

तिच्या त्या वाक्यातला 'परत' हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटला. नवशिक्याला फार गाणी नको असतात. एकच गाणे फार वेळा हवे असते. वारकरी भजनाची रचनाच मुळी ह्या तत्त्वावर उभी आहे. ध्रुपद पुन्हापुन्हा येते, आणि ते येते म्हणून न शिकलेला माणूसही तिसऱ्या आवर्तनापर्यंत टाळकऱ्यांत सामील होतो. कविता शिकवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. पहिल्या वाचनात कविता भेटते, कळते ती पुनर्वाचनात. म्हणून यंत्र पारखताना आम्ही एकच प्रश्न धरून बसलो: ह्या यंत्रात तेच गाणे, आठ वर्षांच्या बोटांना, कोणाच्या मदतीशिवाय, परत सापडेल काय?

ह्या कसोटीवर जुनी यंत्रे आठवून पाहणे उद्बोधक ठरते. सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आला. त्याने संगीत खाजगी केले, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. पण त्याच्या पोटातली कॅसेट मोठी शिस्तीची होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. गाण्यांचा क्रम ठरलेला, इतका की एक गाणे संपताच पुढचे मनात आपोआप सुरू व्हावे. आमच्या पिढीला आजही काही गाणी सुटी आठवत नाहीत, शेजारच्या गाण्याचे बोट धरूनच आठवतात. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला तो खिशात हजार गाणी मावतील ह्या आश्वासनासह. २००५ साली त्याचे 'शफल' हे पडदा नसलेले धाकटे भावंड आले. पडदा नाही हे उत्तम. परंतु गाणी पिसून वाटणे हीच त्या यंत्राची प्रौढी होती, ती नावातच आहे. 'शफल' २०१७ साली थांबले आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादनच बंद झाले. आता हे काम मोबाइल करतो, आणि तो ते करीत असताना दुसऱ्या दहा कामांसाठी मुलाची बाही ओढीत असतो.

मग सारेगामाचा 'कारवाँ' पाहिला. २०१७ साली आलेले, जुन्या रेडिओच्या घाटाचे, आत पाच हजार गाणी भरलेले हे यंत्र अनेक घरांत वृद्धांसाठी घेतले गेले. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्याचे यश आम्हांला समजते. ते स्मरणाचे यंत्र आहे. ज्याच्या मनात पाच हजार गाण्यांच्या खुणा आधीच आहेत, त्याला कळ फिरवताच आपले तारुण्य भेटते. परंतु नवशिक्याजवळ स्मरणच नसते. त्याला पाच हजार गाणी देणे म्हणजे बाराखडी शिकणाऱ्याला ग्रंथालयाच्या दाराशी सोडून देणे होय. शिवाय ती पाच हजार गाणी कोणीतरी निवडलेली असतात, म्हणजे ती एक प्रकारची अभ्यासक्रम-समितीच असते. आणि प्रत्येक समितीप्रमाणे तिलाही आपल्या दप्तरात जे आहे त्यांतूनच निवड करावी लागते.

पाश्चात्त्य देशांत ह्यावर एक चतुर तोडगा निघाला आहे. २०१६ साली जर्मनीत आलेल्या 'टोनीबॉक्स'वर मूल एक छोटी बाहुली ठेवते आणि तिची गोष्ट सुरू होते. ब्रिटनमधल्या 'योटो'त बाहुलीऐवजी पत्ता सरकवतात. गाणे पुन्हा वस्तू झाले, हाताने उचलता येऊ लागले, ही त्यांतली खरी कल्पना. दोन्हींवर घरचे ध्वनिमुद्रणही चढवता येते. पण दोन्ही परदेशी किमतीची, आणि खुटबावात बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

अखेर आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून जो डबा आणला, तो ह्या भागातल्या वाचकांनी नक्की पाहिला असेल. रानात मेंढरांमागे फिरणाऱ्यांच्या खांद्याला, गुऱ्हाळाच्या मेढीला, चहाच्या टपरीवर तो अडकवलेला असतो. विटेएवढा आकार, समोर कर्णा, बाजूला मेमरी कार्डाची खाच, आत जुन्या नोकिया मोबाइलला बसे तसली चपटी बॅटरी, जी तालुक्यातल्या कुठल्याही मोबाइल-दुरुस्तीच्या टपरीत बदलून मिळते. त्याचे वैशिष्ट्य आमच्या दृष्टीने एकच: त्याला शून्य ते नऊ अशी आकड्यांची बटणे आहेत. सात दाबले की सातवे गाणे. पुन्हा सात दाबले की पुन्हा तेच. बटणे उठावाची असल्याने अंधारातही बोटांना सापडतात. शेजारच्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अंध स्त्रियांना बोटांनी वाचायला शिकवले जात असे. काच पुसत जाणाऱ्या बोटाला आणि उठाव चाचपणाऱ्या बोटाला मिळणारे ज्ञान एकच नव्हे, हे त्या परिसरात तरी वेगळे सांगायला नको.

कानात घालण्याच्या बोंड्या मात्र आम्ही आणल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा यंत्रांसाठी जो मानदंड दिला, त्यात लहान मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा धरली आहे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८५ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. उसाच्या ट्रॅक्टरवरचा डेक आणि मिरवणुकीतल्या भिंती ह्यांत वाढणाऱ्या मुलाला आवाज म्हणजेच संगीत असे वाटू लागते. डबा पडवीत वाजला तर तो मोठा झाल्याचे घरातल्या सगळ्यांना कळते. आणि गाणेही सगळ्यांच्या कानांवर पडते, ह्याचे परिणाम पुढे दिसलेच.

ह्या डब्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो रिकामा येतो. कार्डात हजारांवर गाणी सहज मावतात. आम्ही चोवीस भरायची ठरवली. चोवीस निवडायला बसलो तेव्हा कळले की समितीवर टीका करणे किती सोपे असते. भीमसेन जोशींचा अभंग हवा, तसे जत्रेत आणि एस. टी. स्थानकावर ऐकलेले प्रल्हाद शिंदेही हवेत. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली साप्ताहिक क्रमाने गेलेल्या छप्पन्न गीतांच्या गीतरामायणातले एकच घ्यायचे तर कोणते? बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या मुलांच्या बेताच्या आहेत, हा शोध आम्हांला अनपेक्षित होता. तबकडीच्या एका बाजूचा अवधी सुमारे तीन मिनिटे, त्यामुळे गायकाला आपले सारे सांगणे मुठीत धरावे लागे. तेवीस जागा अशा भरल्या. चोविसावी जागा मोठ्या आईची.

मोठी आई म्हणजे आमची थोरली चुलती, त्या मुलीची आजी. वय शहात्तर. अक्षरओळख नाही, पण बाजार, बँकेचे पासबुक आणि रेशनकार्ड ह्यांनी आकडे पक्के शिकवलेले. यंत्र आणले एका नवशिकीसाठी, निघाल्या दोन. पहिल्याच दुपारी त्यांनी नातीला विचारून घेतले आणि 'तुझा चार नंबर लाव, न्हाय, मीच लावते' म्हणून बटण दाबले. आयुष्यभर गाणे त्यांच्या कानांवर पडत आले होते. हवे तेव्हा लावता आले नव्हते.

त्यांच्या ओव्या घ्याव्यात, असे ठरले तेव्हा त्या म्हणाल्या, ओवी म्हणजे गाणे नव्हे, ती अशी बसून येत नाही. जात्यावर बसले म्हणजे ओवी सुचते, ही म्हण आपण लाक्षणिक अर्थाने वापरतो; त्यांनी ती शब्दशः खरी करून दाखवली. जाते आमच्याकडे आता लग्नातल्या हळदीपुरते उरले आहे. ते पडवीत मांडले, मूठभर ज्वारी घातली, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी सुरू झाली. सुमारे अकरा मिनिटे मोबाइलवर मुद्रित झाली. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानने तबकडीच्या शेवटी आपले नाव पुकारले होते, ते परदेशातल्या कारखान्यात ओळख पटावी म्हणून. मोठ्या आईंच्या मुद्रणाच्या शेवटी आहे: 'बास. बंद कर आता.'

अडचण त्यानंतर आली. त्या ओव्यांत भाऊ होता, पंढरी होती, आणि सासू होती. सासूविषयी जे म्हटले गेले ते गोड नव्हते. वर्गात आपण ओवीतील सासुरवास शिकवतो तेव्हा ती सासू कोणाचीच नसते, एक संकल्पना असते. ही सासू म्हणजे आमची सख्खी आजी, जिच्या मांडीवर आम्ही वाढलो आणि जिची तसबीर त्याच पडवीत टांगलेली आहे. घरात दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, तेवढ्या ओव्या काढाव्यात. मुलीने आपल्या पणजीबद्दल हे का ऐकावे? दुसऱ्याचे म्हणणे, मग राहिले काय? मोठ्या आईंना विचारले तर त्या हसल्या. 'म्या जित्तेपणी तिच्यादेखतच म्हनायचे की. ती बी म्हनायची, तिच्या सासूवर.' आणि मग जरा थांबून: 'मी गेल्याव वाजवशीला, म्हनून भ्या वाटतंय व्हय तुम्हास्नी?'

ह्या उत्तराने आमचे काही दिवसांचे वाचन उलटेपालटे झाले. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या कित्येकींचे मूळ आवाज आज पारी ह्या संग्रहात ऐकता येतात. तिथे ती ओवी ऐकताना आपण अभ्यासक असतो. पडवीत ऐकताना आपण आरोपीचे नातेवाईक असतो. पण ओवी हा आरोपच नसावा. सासूच्या कानांवर पडेल अशा बेताने, दळणाच्या आडून, एका सुनेने दुसऱ्या जुन्या सुनेशी मांडलेले ते बोलणे असावे. छापील पानावर हे ऐकू येत नाही, कारण पानावर सासू खोलीत नसते.

ओव्या काढल्या नाहीत. भरलेले यंत्र घेतले असते तर हा प्रश्न आमच्यापुढे उभाच राहिला नसता, आणि म्हणूनच ते घेतले नाही ह्याचे आम्हांला समाधान आहे. मुलाने काय ऐकावे हे ठरवण्याची जबाबदारी रिकामे कार्ड पुन्हा घरावर टाकते. ते घर भांडेल, चुकेल, कधी भाबडे निवडेल. पण निवडलेल्याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागेल. 'ह्यातली सासू कोण?' असे मुलीने विचारले, तेव्हा तिला तसबीर दाखवणारे माणूस तिथे हजर होते.

कोणी विचारलेच तर आमचा सल्ला एवढाच: पडद्याविना, आकड्यांचे, दुरुस्त होणारे आणि रिकामे. आठ दिवसांत मुलीला चोविसावे पाठ झाले आहे. ती ते शेवटपर्यंत म्हणते. 'बास, बंद कर आता' हे शब्दही त्याच सुरात, ओवीचेच एक चरण असल्यासारखे. ते तिला कोणी दुरुस्त करून सांगितलेले नाही.