तीच लेन्स, तेच घर

वारसाहक्काने माणसाला काय मिळेल याचा नेम नाही. कुणाला धानाची बांधी मिळते, कुणाला कर्ज. मला वडिलांची पन्नास मिलिमीटरची लेन्स मिळाली. त्यांचा फिल्मचा कॅमेरा केव्हाच निकामी झाला. लेन्स मात्र मलमलीच्या फडक्यात शाबूत राहिली.

यंदा ती बाहेर काढण्याचे निमित्त काही सुखाचे नव्हते. सावलीचे आमचे कवेलूंचे घर दिवाळीनंतर पाडायचे ठरले आहे. अंगणातल्या विहिरीच्या कठड्याला पाठ लावून वडिलांनी त्या घराचे एक छायाचित्र घेतले होते. एका टोकाला कोठा, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि मध्ये ओसरीवर आम्ही सारे. त्याच जागेवरून, त्याच लेन्समधून घराचे शेवटचे चित्र घ्यावे, अशी माझी हौस. निकॉनची लेन्स बसवण्याची ती खोबण १९५९ सालापासूनची. माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावरही लेन्स खटकन बसली. कॅमेऱ्याला तिच्यातून प्रकाश मोजता येईना, तेव्हा तोही वडिलांसारखा अंदाजाने धरला.

चित्र पाहून आई म्हणाली, "हे कोनाचं घर काढलं रे? कोठा तं दिसूनच नाही राहिला!"

खरेच, कोठा नव्हता. स्वयंपाकघराचीही अर्धी भिंत गेली होती. मागे सरकावे तर पाठीशी विहीर!

मुलगी हसली. "बाबा, लेन्स तीच आहे, पण मागची पाटी लहान आहे."

वडिलांच्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २४ बाय १६. लेन्स प्रकाशाचे वर्तुळ पूर्वीइतकेच मोठे टाकते, सेन्सर त्यातला मधला तुकडा तेवढा उचलतो. म्हणून पन्नासची लेन्स येथे पंचाहत्तरसारखी वागते. तिचे मोजमाप बदलत नाही. बदलतो तो पदरात पडणारा भाग. उलट, लहान सेन्सरसाठी घडवलेली लेन्स मोठ्या सेन्सरपुढे लावली, तर बहुधा कोपरे काळे पडतात.

"मग उपाय?"

"पस्तीसची लावा. पस्तीसची दीडपट साडेबावन्न. त्याच जागेवरून जवळजवळ आजोबांइतकंच दिसेल."

मी गप्प झालो. वडिलांचे चित्र हवे तर त्यांची लेन्स सोडावी लागणार. लेन्स धरली तर घर सुटणार. मनात आले, वडिलांचे सारेच मी असे घेतले असावे. त्यांनी दिले ते पुरते, माझ्यात उतरले ते मधले तेवढेच. त्यांच्या ओसरीवर वाटसरूलाही चहा मिळे. माझे दार घरच्या माणसांपुरते उघडते.

शेवटी पस्तीसची लेन्स उसनी आणली. कोठा आला, स्वयंपाकघर आले, तुळशीवृंदावनही आले. घर पुरते मिळाले.

मग मी पुन्हा वडिलांची लेन्स चढवली. पंचाहत्तरचा तो आखूड कोन चेहऱ्याला फार मानवतो. ओसरीच्या खांबाला टेकून आई बसली होती. मी नेम धरला, हाताने लेन्स फिरवली, तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या स्पष्ट झाल्या.

"आला का कोठा?" तिने विचारले.

"नाही. तूच आलीस."

"येवढीच?"

मी चाप दाबला.