जपान : एका चिंचपोकळीकराचे अभिप्राय

चिंचपोकळीस जपान ठाऊक नाही, असा कोणाचा समज असेल तर तो त्याने खुशाल सोडून द्यावा. भायखळा आणि करी रोड यांच्या मध्ये दबून बसलेल्या, धीम्या गाड्यांखेरीज ज्याची कोणी दखल घेत नाही अशा या आमच्या स्थानकाच्या आसपास गेली सव्वाशे वर्षे जपानविषयी मते बनत आणि मोडत आली आहेत. १८९३ साली जमशेटजी टाटा यांनी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीशी संधान बांधून मुंबई ते कोबे अशी आगबोट सुरू करविली, ती मुख्यत्वे कापसाकरिता. १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचे आरमार बुडविले, तेव्हा आशियातील एका राष्ट्राने युरोपीय सत्तेस नमविले म्हणून आपल्या पूर्वजांच्या अंगावर मूठभर मांस चढले. पुढे पंचवीस-तीस वर्षांतच ते जपान गिरणगावाच्या पोटावर आले. जपानी कापड इतके स्वस्त येऊ लागले की १९३३ साली सरकारास ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढवावी लागली. त्यावर जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेण्याचे बंद केले. आणि अखेर १९३४ साली, तुम्ही इतका कापूस घ्याल तर आम्ही इतके कापड घेऊ, असा उभयतांत करार झाला.

आमचे आजोबा त्या काळी येथील एका गिरणीत हिशेबनीस होते. घरात आणलेली बाहुली दुसऱ्या दिवशी मोडली की ते म्हणत, "जपानी माल दिसतो!" हाच शब्द आमच्या तरुणपणी नेमका उलटला. मनगटावरील घड्याळ जपानी आहे हे सांगताना लोकांची छाती फुगू लागली. आता तर येथून जवळच सात रस्त्यापाशी, म्हणजे संत गाडगे महाराज चौकापाशी, भुयारी रेल्वे आली आहे, तिला जपानने कर्ज दिले. गिरण्या मात्र १९८२ च्या संपानंतर एकेक करून निमाल्या. सारांश, जपानविषयी आमच्या चाळीत मत नाही असा मनुष्य सापडणे कठीण, आणि जपान पाहिलेला मनुष्य सापडणे त्याहून कठीण. गेल्या आश्विनात आम्ही स्वतः जाऊन आलो, तेव्हा हा दुसरा अभाव तेवढा दूर झाला.

आमचा पुतण्या संगणकाच्या कामानिमित्त टोकियोच्या निशी-कासाई भागात बिऱ्हाड करून आहे. तेथे हिंदी लोकांची वस्ती इतकी, की हिंग आणि तूरडाळ यांसाठी कोणास तळमळावे लागत नाही. तो भाग ज्या एदोगावा विभागात मोडतो, त्याच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. पुढे ते इबाराकी प्रांतातील एका सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली असल्यामुळे या दोहोंपैकी दुसरे पद आम्हांस मोठे वाटले, हा पक्षपात वाचकांनी चालवून घ्यावा.

पहिल्या आठवड्यात आम्ही अगदी विजयी मुद्रेने हिंडत होतो. कारण जिकडे पाहावे तिकडे आपलेच काहीतरी दृष्टीस पडे. नातवाच्या भिंतीवर जपानी मुळाक्षरांचा तक्ता लावलेला होता. त्यातील स्वर अ, इ, उ, ए, ओ. आणि ओळींचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंनी लावून दिलेला हा क्रम होय. आमच्या 'च'च्या जागी तेथे 'स' आहे आणि 'प'च्या जागी 'ह', आणि तो 'ह'देखील प्राचीन काळी 'प' असाच उच्चारीत, असे भाषापंडित सांगतात. स्मशानात थडग्यांच्या मागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांवर सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे. त्या फळीचे नाव 'सोतोबा', म्हणजे आपला 'स्तूप'च. आसाकुसा भागात सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामाच्या टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे. मूर्ती गुप्त असते, तिचे दर्शन नाही, आणि नैवेद्य मोदकांचा नसून पांढऱ्या मुळ्याचा! १९२० पासून चिंचपोकळीचा चिंतामणी पाहणाऱ्या वस्तीतील मनुष्यास दर्शन न देणारा गणपती ही कल्पनाच झेपत नाही. तरीही आम्ही एक मुळा विकत घेऊन भक्तिभावाने ठेविला.

नारा येथील तोदाइजीच्या प्रचंड बुद्धमूर्तीसमोर तर आमचा अभिमान कळसास पोहोचला. ७५२ साली त्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, ते कूंचा हाती धरून करणारा पुरुष बोधिसेन नावाचा हिंदी भिक्षू होता. तो भारद्वाजगोत्री असल्याचे परंपरा सांगते, आणि जपानी लोक त्यास 'बारामोन सोजो', म्हणजे ब्राह्मण आचार्य, असे म्हणतात. आम्ही पुतण्यास म्हणालो, "पाहा, बाराशे वर्षांपूर्वी आपण यांचे डोळे उघडले!" तो हसून म्हणाला, "काका, तो इथे शिकवायला आला आणि इथेच राहिला. परत जाऊन अभिप्राय देत बसला नाही." पोरगा लहानपणापासून असाच फटकळ.

रोज सकाळी चहाबरोबर सूनबाई जपानी वर्तमानपत्र उघडून आम्हांस त्यातील बातम्यांचा मथितार्थ सांगत, आणि आम्ही तत्काळ निर्णय देत असू. शंभरी ओलांडलेल्यांची संख्या ९९,७६३ झाल्याची बातमी सप्टेंबरातच आली होती. १९६३ साली ही गणती सुरू झाली तेव्हा ती अवघी १५३ होती. शंभरीत पदार्पण करणाऱ्यास सरकार चांदीचे पेले देई. माणसे वाढली तशी खर्च परवडेना, म्हणून २०१६ पासून नुसता चांदीचा मुलामा. याच देशात २०२४ साली एकटी राहणारी सुमारे ७६ हजार माणसे आपल्या घरी कोणी जवळ नसता मरण पावली, आणि त्यांतील ५८ हजार पासष्टीच्या पुढची. आम्ही लगेच एकत्र कुटुंबाच्या महतीवर बोलू लागलो. सूनबाई ऐकून घेत होत्या. बोलता बोलता आमच्या लक्षात आले की चिंचपोकळीच्या आमच्या खोलीस या घटकेस कुलूप आहे, आणि एरवीही तीत आम्ही एकटेच असतो. विषय बदलला.

आगगाडीची गोष्ट मात्र आम्ही त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतली. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी टोकियोनजीकच्या मिनामी-नागारेयामा स्थानकावरून एक गाडी नियोजित वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली, आणि कोणी तक्रार केलेली नसताही कंपनीने जाहीर क्षमा मागितली. आमच्याकडे वीस सेकंदांत चिंचपोकळीची गाडी आली, थांबली, निम्मे लोक उतरले आणि निम्मे दारात लोंबकळत पुढे गेले, एवढा व्यवहार उरकतो. क्षमा मागावयास सवड कोठून असणार? पण याच वक्तशीरपणाची दुसरी बाजूही सूनबाईंनी सांगितली. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एका गाडीचा चालक, वय अवघे तेवीस, सुमारे दीड मिनिटाचा उशीर भरून काढण्याकरिता वळणावर वेगाने गेला. गाडी रुळांवरून घसरून एका इमारतीत घुसली आणि त्याच्यासह १०७ माणसे मेली. उशीर करणाऱ्या चालकांना तेव्हा 'शिक्षण' या नावाखाली दिवसेंदिवस अपमान सोसावे लागत. त्यांत आवारातील गवत उपटणे हेही एक होते. गवत उपटण्याची शिक्षा! आम्ही मान हलविली आणि त्या देशास कठोर ठरवून मोकळे झालो.

दोन दिवसांनी नातवाच्या शाळेत पालकांनी वर्ग पाहावयास येण्याचा दिवस होता. जपानी शिक्षणाविषयी आम्हांस आधीपासून आदर. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे बीज तेथलेच. टोकियोस नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्याची माहिती देणारे पुस्तक अण्णांच्या हाती आले होते. प्रथम ते त्यांनी बाजूस ठेविले. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले तेव्हा पुन्हा उघडून वाचले, आणि १९१६ साली पुण्याचे विद्यापीठ उभे राहिले. तेव्हा अशा देशातील शाळा म्हणजे काहीतरी अपूर्व असणार, अशा अपेक्षेने आम्ही तिसरीच्या वर्गात जाऊन मागे उभे राहिलो.

पाठ चांगला झाला, आमच्याकडेही होतात. दुपारी मुलांनीच पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांस जेवण वाढले आणि बाईही त्यांच्यातच जेवल्या. आमचा नातू घरचा शाकाहारी डबा खात होता. जेवण आटोपल्यावर एक गाणे लागले, बाके एका बाजूस सरकली, कोणी झाडू घेतला, कोणी फडकी भिजवून पिळली. आणि पाहतो तो आमचा नातू, हाताखाली ओले फडके घेऊन, ओणवा होऊन, शेजारच्या तिघांच्या बरोबरीने भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी पुशीत धावतो आहे.

आमचा चेहरा उतरला. परक्या देशात, पालकांच्या देखत, आमच्या घरच्या मुलास शिक्षा! तो जवळ आला तेव्हा आम्ही दबत्या आवाजात विचारले, "काय रे बाळा, काय चुकले तुझे?"

त्यास प्रश्नच कळला नाही. "काही नाही, आजोबा," तो म्हणाला, "आज आमच्या गटाची पाळी आहे." आणि फडके पिळावयास निघून गेला. शाळेस नोकर नाहीत असे नव्हे, ते आहेत. पण वर्ग आणि जिने, वरच्या इयत्तांत कित्येक ठिकाणी शौचकूपेदेखील, मुलेच साफ करितात. रोज, सर्व, पाळीपाळीने. बाईंच्या हातीही फडके होते.

आम्ही घरी येताना गप्प होतो. पुतण्यास वाटले, दमलो. पण आमच्या मनात आमचा वर्ग उभा राहिला होता. ज्या शाळेत आम्ही उणीपुरी चौतीस वर्षे संस्कृत आणि मराठी शिकविले, तेथे आमची एक शिक्षा प्रसिद्ध होती. छडी आम्ही कधी उगारली नाही, आणि त्याचा आम्हांस अभिमान असे. पाठांतर न करणाऱ्याने वर्ग झाडावा, असा आमचा नियम होता. केरसुणी दाराच्या मागे असे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघर तिला हळदकुंकू वाहावयाचे, आणि दिवाळीची सुटी संपताच तीच केरसुणी आम्ही वर्गात अपराध्याच्या हाती द्यावयाची. यात काही विसंगत आहे असे चौतीस वर्षांत आम्हांस एकदाही वाटले नाही.

एके वर्षी आठवीत एक मुलगा होता. वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात, हे सर्व वर्गास ठाऊक. एके दिवशी तो 'मुनि' शब्द चालविताना षष्ठीस अडला, आणि आम्ही नियमाप्रमाणे दाराकडे बोट दाखविले. वर्ग हसला. आम्ही दरडावून सर्वांस गप्प केले, पण ते का हसले याचा विचार केला नाही. त्याने केरसुणी घेतली आणि कोपऱ्यांपासून, बाकांखालून, इतका स्वच्छ केर काढला, की आम्ही, सांगावयास लाज वाटते, मनापासून म्हणालो, "वा! इतके नीट आजवर कोणी झाडले नव्हते." आम्हांस ती शाबासकी वाटली. वर्ग पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मुलाने केर सुपलीत भरला, बाहेर टाकला, केरसुणी जागेवर ठेविली आणि जागी जाऊन बसला. पुढे वर्षभर त्याने एकही शब्दरूप चुकविले नाही. त्याचे श्रेय आम्ही आमच्या पद्धतीस दिले होते.

आमागासाकीच्या चालकांना गवत उपटावयास लावणाऱ्यांस कठोर म्हणताना आम्हांस काहीच अडले नव्हते. जपान्यांनाही हे दोन्ही साधते, हेही खरे. जे काम शाळेत पाळीचे, तेच कंपनीत अपमानाचे. त्यांचे ते पाहून घेतील.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध आणावयास निघालो तो पाय संत गाडगे महाराज चौकाकडे वळले. अमरावतीकडचे हे डेबूजी झिंगराजी जानोरकर, १८७६ साली परीट कुळात जन्मलेले. गावात शिरले की प्रथम खराट्याने रस्ते झाडीत, आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. १९५६ साली ते वारले. आम्ही त्यांच्यावर निबंध लिहून घेतलेले आहेत, दर वर्षी, दहा गुणांचा. ज्या हातांनी निबंध तपासले, त्याच हातांनी दारामागची केरसुणी दाखविली. चौकात महानगरपालिकेचे दोन कामगार कचरा गोळा करीत होते. त्यांच्यापैकी एकाशी आमची तोंडओळख आहे. त्याने विचारले, "काय मास्तर, बरेच दिवस दिसला नाहीत?" आम्ही म्हणालो, "जपानास गेलो होतो." "कसं आहे?" एरवी आम्ही तासभर बोललो असतो. "स्वच्छ आहे," एवढेच म्हणालो. "ते असणारच," तो म्हणाला आणि गाडी ढकलीत पुढे गेला.

त्या मुलाचे वय आता चाळिशीच्या पुढे असेल. नाव आणि हजेरीपटातील क्रमांकही आम्हांस आठवतो. जुन्या दोघा सहकाऱ्यांस पत्रे घातली आहेत. एकाचे उत्तर आले, त्यास काही ठाऊक नाही. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहो.