वाडा एक, पाट्या तीन

आपल्या शाळेच्या वेबसाइटचे तीन विभाग आम्ही करत आहोत: मुलांचा, पालकांचा आणि शिक्षकांचा. प्रत्येकाचे नाव वेगळे. पालकांच्या विभागात सर्वांचे फोन नंबर आहेत, म्हणून तालीम आधी घरच्याच कॉम्प्युटरवर!

कॉम्प्युटरमध्ये 'होस्ट्स' नावाची फाइल असते. तिच्यात १२७.०.०.१, म्हणजे 'हेच घर', या पत्त्यापुढे आम्ही तिन्ही नावे लिहिली. पाहुणा कोणाचे नाव घेतो ते पाहून सर्व्हर पान देतो. नावांच्या शेवटी 'डॉट टेस्ट' लावले. ते १९९९ पासून चाचणीसाठीच राखीव आहे.

गंमत म्हणजे १९७० च्या दशकात साऱ्या अर्पानेटची अशी एकच यादी होती. ती इथून जवळच, मेन्लो पार्कला, एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नावे वाढली, १९८३ मध्ये डीएनएसची योजना आली. छोटी यादी मात्र घरोघरी उरली.

आता खरी परीक्षा कुकीची. ती अख्ख्या वाड्याच्या नावाने दिली तर तिन्ही दारांवर दाखवता येते; एका पाटीच्या नावाने दिली तर त्याच दारावर. आम्ही दुसरी पद्धत घेतली आहे.

मुलांनो, शनिवारी घरी या. तुमच्या दारातून शिरून पालकांचे दार उघडून दाखवा. उघडले तर बक्षीस, नाही उघडले तर सर्वांना चिवडा!